मुलीशी नाते

चाकाला टेकवलेली काच तिच्या हातातून निसटली, कारण समोरच्या फुटपाथवर, किल्ल्यांच्या दुकानाच्या छपराखाली, तोच म्हातारा उभा होता.

काच पाण्याच्या ताटलीत पडली. तिने ती उचलून उजेडात धरली. कडेचा नखाएवढा टवका उडाला होता. चष्म्याच्या काचा फ्रेमच्या मापात घासून बसवण्याचं काम ती नऊ वर्षं करत होती आणि तिच्या हातून वर्षाकाठी दोन-तीन काचांपलीकडे काही बिघडत नसे. गल्ल्यावरून मालकांनी मान वर केली.

"काय झालं ताई?"

"टवका गेला. माझ्या पगारातून कापा."

"एका काचेने दुकान बसत नाही. पण तुमचा चेहरा का असा झालाय?"

तिची नजर समोरच होती. म्हाताऱ्याच्या अंगात राखाडी स्वेटर होता आणि उजव्या कोपराला तपकिरी ठिगळ. सोमवारी वकीलबाईंच्या ऑफिसातून ती खाली उतरली तेव्हा जिन्याच्या तोंडाशी हेच ठिगळ तिला दिसलं होतं. तेव्हा त्याने घाईने पाठ फिरवली होती. आज तो दुकानात टांगलेल्या किल्ल्या एकेक करून वाचल्यासारखा बघत होता. किल्ल्यांवर वाचायला काय असतं?

अर्ज करून दीड महिना झाला होता. म्हणजे त्याला कळलं होतं, आणि त्याने माणूस पाठवला होता.

"मालक, आज मी जरा लवकर जाते. उरलेल्या तीन जोड्या उद्या लवकर येऊन देते."

ती मागच्या दाराने, मालाची खोकी ठेवायच्या बोळातून बाहेर पडली. बस पकडायच्या ऐवजी दोन गल्ल्या उलट्या चालली, मग तिसऱ्या गल्लीतून शाळेकडे वळली. शाळेच्या पायऱ्यांवर भुंगी बसली होती, नेहमीसारखी स्वतःशी गुणगुणत. त्या गुणगुणण्यावरूनच तिचं नाव पडलं होतं. आईला पाहून ती उठली आणि डोकं उजवीकडून पुढे करत म्हणाली, "आज तू कशी? मावशीआजी कुठंय?"

"चल. घरी जाऊन बोलू."

घराला दोन कड्या होत्या. त्या लावून शिवाय तिने दाराला खुर्ची टेकवली, तेव्हा तिची मावशी चष्मा कपाळावर चढवून बघत राहिली. मावशी तीस वर्षं सरकारी दवाखान्यात नर्स होती.

"आमच्या वॉर्डात औषधांच्या कपाटालाही एवढ्या कड्या नव्हत्या," ती म्हणाली. "कोण आलं होतं?"

"एक म्हातारा. दुकानासमोर. सोमवारीही होता."

"म्हाताऱ्याला घाबरायला लागलीस तर गावातून चालणं बंद कर. अर्धे म्हातारेच आहेत."

"मावशी, त्याने पाठवलाय तो."

मावशीने हातातली भाजी बाजूला ठेवली. 'तो' म्हणजे कोण हे त्या घरात विचारावं लागत नसे. मावशी त्याला लिफ्टवाला म्हणायची. तो लिफ्ट दुरुस्त करायचा. चष्म्याचं दुकान तेव्हा ज्या इमारतीत होतं तिथली लिफ्ट दुरुस्त करता करता त्याची नि तिची ओळख झाली, दोन वर्षं ओळख राहिली, आणि भुंगी पोटात आहे हे कळल्यावर महिनाभरात तो दिसेनासा झाला. "वर नेतो म्हणाला आणि दोन मजल्यांच्या मधे सोडून गेला," असं मावशी तेव्हा म्हणाली होती, आणि इतकं रडू येत असताना भाची त्यावर हसली होती.

भुंगी पाच महिन्यांची असताना त्याचा फोन आला होता. जन्मदाखल्यावर बापाचं नाव घातलंस का, असं त्याने विचारलं. नाही म्हटल्यावर सावकाश, एकेक शब्द टाकत म्हणाला, "घालू नकोस. माझं नाव कुठल्याही कागदावर आलं ना, तर पोरगी तुझ्याकडे राहणार नाही. घेऊन जाईन. कुठे नेली ते तुला कळणारही नाही."

तो ओरडला असता तर कदाचित ती विसरली असती. त्यानंतर तिने दोनदा घर बदललं. पाटीवर नाव लावलं नाही. शाळेत लिहून दिलं की मुलीला आई आणि मावशीआजी सोडून कोणाच्याही ताब्यात देऊ नये. सहा वर्षं तिने त्याच्याकडे काही मागितलं नाही आणि मागायची वेळ येऊ नये एवढंच बघत राहिली.

वेळ आणली ती भुंगीच्या कानाने. डाव्या कानाने तिला जवळजवळ ऐकू येत नाही, आणि उजवाही हळूहळू त्याच वाटेने चाललाय, असं डॉक्टरांनी सांगितलं. दोन्ही कानांना यंत्रं लागतील, दर दोन-तीन वर्षांनी बदलावी लागतील, बोलणं सुधारायला आठवड्यातून दोनदा शिकवणीला न्यावं लागेल, आणि हे सगळं आत्ता, उशीर न करता. त्याच महिन्यात मालकांनी काचा आपोआप घासणारं यंत्र मागवलं आणि तिचे तास निम्म्यावर आले. मालक भला माणूस होता. सांगताना तो तिच्याकडे बघू शकला नव्हता.

म्हणून पोटगीचा अर्ज. त्याच्या घरचा जुना पत्ता तिच्याकडे होता. तिचा स्वतःचा पत्ता वकीलबाईंनी अर्जात घातला नाही, आपल्या ऑफिसचा घातला. पण नोटीस दोनदा परत आली. दोन्ही वेळा शेरा एकच: सदर इसम या पत्त्यावर राहत नाही.

"तो आत्ता कुठे मिळेल हे कळल्याशिवाय हा अर्ज माझ्या कपाटात पडून राहणार," वकीलबाई सोमवारी म्हणाल्या होत्या. तिला तेव्हा वाईट वाटलं होतं आणि, खरं सांगायचं तर, थोडं सुटल्यासारखंही.

आता कपाटात पडलेला अर्ज उठून तिच्या मागे चालू लागला होता.

दुसऱ्या दिवशी भुंगीला आणायला मीच जाईन, असं तिने मावशीला बजावलं. मावशीचे गुडघे दुखत होते आणि वेळ आली तर ती धावू शकली नसती. दुकानातून ती वेळेवर निघालीही, पण बस पुलापाशी अडकली. ड्रायव्हर खाली उतरून कुणाशी तरी वाद घालत होता. तिने मिनिटं मोजली, मग मोजणं सोडलं, मग उतरून पळत सुटली.

शाळेच्या आवारात शुकशुकाट होता. पायऱ्यांवर कोणी नव्हतं. तिने वर्गाच्या खिडकीतून आत पाहिलं. शिपाई बाकं उलटी करत होता. मग कुंपणाच्या टोकाला तिला भुंगीचा लाल फ्रॉक दिसला. जाळीच्या बाहेर. राखाडी स्वेटरच्या शेजारी. आणि भुंगीचं दप्तर म्हाताऱ्याच्या हातात होतं.

चालत जाऊन तिने भुंगीचा दंड धरला आणि तिला आपल्या मागे ओढलं. भुंगी कळवळली.

"आजोबा," भुंगीची आई म्हणाली. तो आवाज तिचा तिलाच ओळखू आला नाही. "ते दप्तर द्या इकडे."

म्हातारा दचकला. दप्तर त्याच्या हातातून खाली सरकलं.

"तुम्हाला कोणी सांगितलं?" त्याने विचारलं.

"काय?"

"आजोबा म्हणालात."

"म्हाताऱ्या माणसाला दुसरं काय म्हणायचं?"

"हो." त्याने मान हलवली. "हो, खरंय. तसंच म्हणतात." मग दप्तर तिच्यापुढे धरत, कामाचं बोलल्यासारखा म्हणाला, "तीन किलो भरेल हे. एवढ्या पोरीला दीड पुष्कळ झालं. शाळेत सांगा."

"आई, हे काट्यावर होते," भुंगी तिच्या मागून म्हणाली. "मोठ्या ट्रकचं वजन करायचे. माझं वजन त्यांनी हात न लावता सांगितलं. अठरा."

"तू गप्प बस." तिने दप्तर ओढून घेतलं. "कोण तुम्ही? सोमवारपासून माझ्या मागे का आहात?"

म्हाताऱ्याने रस्त्याच्या दोन्ही टोकांना पाहिलं. मग खाली बघत सांगितलं.

"तुमची नोटीस दोनदा आली. दोन्ही वेळा दार मी उघडलं. मी त्याचा बाप."

तिचा भुंगीच्या दंडावरचा हात आणखी घट्ट झाला. शाळेचं फाटक वीस पावलांवर होतं. शिपाई आत होता. भुंगीला उचलून पळता आलं असतं, पण दप्तर टाकून.

"त्याने पाठवलंय तुम्हाला."

"त्याला कळलं तर..." म्हाताऱ्याने वाक्य सोडून दिलं आणि मनगटावरच्या घड्याळात पाहिलं. "पाचला येतो तो. त्याआधी मला घरात असावं लागतं."

हे वाक्य त्याने इतक्या सवयीने म्हटलं की तिने पहिल्यांदाच त्याच्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं. दाढी घाईत केलेली होती, हनुवटीखाली पांढरे खुंट राहिले होते. तो उभा होता तो पळायच्या तयारीत असल्यासारखा, एक पाय मागे टाकून. असं कोण उभं राहतं हे तिला माहीत होतं. सहा वर्षं ती स्वतः तशी उभी राहत आली होती.

"नोटीस घेऊन माणूस आला तेव्हा तो आतल्या खोलीत होता," म्हातारा म्हणाला. "मला म्हणाला, सांगा राहत नाही. मी सांगितलं. त्या माणसाने लिहिलं आणि खाली माझी सही घेतली. चौतीस वर्षं वजनकाट्यावर सह्या केल्या मी. खोट्या आकड्याखाली एकही नाही. ही पहिली. मग पुढच्या महिन्यात दुसरी."

"मग आत्ताच काय झालं?"

"दुसऱ्या नोटिशीला कानाच्या डॉक्टरांचा कागद जोडला होता. त्या माणसाने मला तो वाचू दिला. वकीलबाईंचा पत्ता नोटिशीवर होताच, तिथून तुमच्या मागे आलो, दुकानापर्यंत, शाळेपर्यंत." त्याने भुंगीकडे पाहिलं आणि लगेच नजर काढून घेतली. "माझ्या बायकोलाही डाव्या कानाने ऐकू यायचं नाही. लहानपणापासून. मी जन्मभर तिच्या उजव्या हाताने चाललो."

तेव्हा तिच्या ध्यानात आलं की मघाशी, भुंगीशी बोलताना, तो तिच्या उजव्या बाजूला उभा होता. शाळेतल्या बाईंना हे तीनदा लिहून द्यावं लागलं होतं.

खिशातून त्याने चिठ्ठी काढली. जुन्या वजनपावतीच्या मागे, कारकुनी अक्षरात, लिफ्टच्या कंपनीच्या गोदामाचा पत्ता होता आणि मुलाच्या पाळीची वेळ.

"इथे सापडेल. कोणी दिला ते सांगू नका." मग थोडं थांबून, "अजून काही लागलं तर शुक्रवारी अकराला मी वाचनालयात असतो. पेपर वाचायला. तेवढं चालतं त्याला."

वकीलबाईंनी चिठ्ठी उलटसुलट करून पाहिली.

"कोणी दिली?"

"ते सांगता येणार नाही."

"निनावी चिठ्ठीवर तिसरी नोटीस निघणार नाही. पत्ता दोनदा खोटा ठरलाय. माहिती देणाऱ्याचं प्रतिज्ञापत्र लागेल, नाव-सहीनिशी. आणि ते फाईलला लागलं की समोरची बाजू ते वाचणार."

"मग राहू दे."

"मुलीच्या कानाचं काय?"

तिने पर्सची चेन उघडली, पुन्हा लावली.

त्या रात्री मावशी म्हणाली, "विचार तर त्या म्हाताऱ्याला. नाही म्हणायला तोंड आहे की त्याच्याकडे."

"त्याला राहायचंय त्या घरात."

"तू कधीपासून त्या घरातल्यांची काळजी करायला लागलीस?" मावशीने विचारलं. मग तिच्याकडे बघून तिने विषय बदलला आणि उद्याच्या दुधाचं काढलं.

शुक्रवारी ती वाचनालयात गेली ती न विचारण्याचं ठरवून. काम झालं, आभारी आहे, आता आमच्यामागे येऊ नका, एवढंच सांगायचं होतं. तिला तो हवा होता आणि नकोही होता. म्हातारा लांब टेबलाच्या टोकाशी, दाराकडे तोंड करून बसला होता. पुढ्यातला पेपर उलगडलेला होता, पण पान पहिलंच होतं.

"झालं काम?" त्याने हळू आवाजात विचारलं.

"होईल."

"काय म्हणाल्या वकीलबाई?"

"काही नाही. बघते म्हणाल्या."

त्याने पेपराची घडी घातली, घडीवर बोट फिरवून ती पक्की केली.

"काट्यावरही असंच होतं," तो म्हणाला. "आकडा किती का असेना, तो कोणी पाहिला त्याचं नाव लागायचं. बिननावाची पावती फाटकाबाहेर जायची नाही." तो उठला. "किती वाजेपर्यंत असतात त्या?"

"तुम्ही येऊ नका. मी तुम्हाला मागितलेलं नाही."

"नाही मागितलंस," तो म्हणाला आणि तिच्या पुढे चालू लागला. तो तिला तुम्हीवरून तूवर कधी आला, हे तिला कळलंच नाही.

वकीलबाईंनी त्यांना कोर्टात धाडलं. तळमजल्यावर खिडकीमागच्या बाईने प्रतिज्ञापत्राचा छापील कागद सरकवला. म्हाताऱ्याने चष्मा लावला. काचेवर चरा होता आणि फ्रेमची एक बाजू दोऱ्याने बांधलेली होती. एरवी असा चष्मा तिला वाचनालयातच दिसला असता. त्याने नाव लिहिलं, वय लिहिलं, राहण्याचा पत्ता लिहिला, तोच, जिथे त्याचा मुलगा राहत नाही असं त्याने दोनदा सांगितलं होतं. मग पेन थांबलं. रकान्यात छापलं होतं: मुलीशी नाते.

"ओळखीचे, असं लिहा," ती घाईने म्हणाली. "किंवा काहीच लिहू नका. तो रकाना मोकळा सोडला तरी चालतो."

"चालत नाही," खिडकीतली बाई म्हणाली.

म्हाताऱ्याने लिहिलं: आजोबा. अक्षर सरळ आणि स्वच्छ होतं. शाई वाळेपर्यंत त्याने कागद हातात धरला.

तिला आनंद व्हायला हवा होता. हेच तर तिला सिद्ध करायचं होतं. पण तो शब्द पाहून तिच्या अंगावर काटा आला. भुंगीला आता त्या बाजूचं एक माणूस होतं, शिक्क्यासकट. एक आलं की दुसरंही येणार. ज्या दारातून हा म्हातारा आत आला त्याच दारातून तो दुसराही येईल आणि म्हणेल, मान्य, माझी आहे, आणा इकडे.

पायऱ्या उतरताना तिने विचारलं, "आता कुठे जाल?"

"घरी."

"त्याला कळेल हे."

"नोटीस पोचायला आठवडा लागतो म्हणाल्या ना बाई," तो म्हणाला. "आठवडा पुष्कळ झाला."

कशाला पुष्कळ, ते त्याने सांगितलं नाही. चौकापर्यंत तो तिच्या सोबत आला, मग घड्याळ पाहून वेगळ्या रस्त्याला लागला.

नोटीस या वेळी पोचली. पोचल्याचा कागद वकीलबाईंनी दाखवला. खाली त्याची सही होती, आणि सही बघताच तिला त्याचा फोनवरचा आवाज जसाच्या तसा आठवला. सुनावणीला अजून चार आठवडे होते.

त्या चार आठवड्यांत दाराची बेल वाजली की मावशी हातात येईल ती वस्तू घेऊन उभी राहायची. एकदा कात्री होती, एकदा भुंगीची छत्री. बेल वाजवणारे शेजारचे असायचे, मीटर बघणारा असायचा. तिने शाळेत भुंगीला खिडकीपासून लांबच्या बाकावर बसवायला सांगितलं. दुकानात तिने समोरचा फुटपाथ सतत दिसेल अशी खुर्ची सरकवून घेतली. किल्ल्यांच्या दुकानापाशी कोणी उभं राहत नव्हतं. आणि काही दिवसांनी तिच्या लक्षात आलं की आपण घाबरून बघतोय तितकंच वाट पाहून बघतोय.

पहिल्या शुक्रवारी ती वाचनालयात गेली. टेबलाच्या टोकाची खुर्ची रिकामी होती. दुसऱ्या शुक्रवारीही. तिसऱ्या शुक्रवारी तिने ग्रंथपालाला विचारलं.

"ते राखाडी स्वेटरवाले? पंधरा-वीस दिवस झाले, आले नाहीत. बरे नसतील."

घरी भुंगी विचारायची, "ते काट्यावरचे आजोबा पुन्हा कधी येणार? मी आता साडेअठरा असेन." ती काहीतरी सांगून वेळ मारून नेई. त्या घरात पाचच्या नंतर काय झालं असेल, याचा विचार तिला आंघोळ करताना, काच पुसताना, कधीही गाठायचा. आपण नाही म्हटलं होतं, असं ती स्वतःला सांगायची. मागितलेलं नव्हतं. पण त्याच्या पुढे जाऊन तिने रस्ता अडवलाही नव्हता.

सुनावणीची खोली लहान होती. न्यायाधीशबाईंच्या टेबलासमोर दोन बाकं, मधे हातभर जागा, कोपऱ्यात टंकलेखक. वकीलबाईंनी आधीच ठरवून दिलं होतं: त्याच्याकडे बघायचं नाही, बोलायचं नाही, झालं की मागच्या जिन्याने निघायचं.

तो आला. तिने ठरवलेलं मोडून पाहिलं. इतकी वर्षं तिच्या मनात जो दार अडवून उभा होता त्याच्यापेक्षा हा माणूस बारीक होता. कपाळ वर सरकलं होतं. हाताच्या रेघांमध्ये ग्रीस होतं, धुऊनही न गेलेलं. तो एकटाच होता. त्याच्या मागून कोणी आत येतंय का ते तिने पाहिलं. दार बंद झालं.

त्याच्या वकिलाने फाईल चाळली, एका कागदावर थांबला आणि त्याच्या कानाशी काही बोलला. 'आजोबा' लिहिलेला तो कागद तिला तिथूनही ओळखू आला.

"पितृत्व मान्य आहे, की तपासणीचा आदेश देऊ?" न्यायाधीशबाईंनी विचारलं.

त्याने पुन्हा त्या कागदाकडे पाहिलं.

"मान्य," तो म्हणाला.

त्यानंतर सगळं भराभर झालं. पगारातून थेट रक्कम वळती होईल, कानाच्या यंत्रांचा निम्मा खर्च वेगळा, अशी ओळ टंकलेखकाने लिहिली. वकीलबाईंनी टेबलाखालून तिचा गुडघा दाबला. पण ती ऐकत नव्हती. ती पुढच्या प्रश्नाची वाट बघत होती आणि तो आलाच.

"मुलीला भेटण्याबाबत वडिलांचं काही म्हणणं आहे का?"

तिने बाकाची कड धरली. सहा वर्षं ज्याच्यापासून ती पळत होती ते या एका वाक्याच्या पलीकडे होतं.

"नाही," तो म्हणाला.

"नाही म्हणजे? भेटायचं नाही?"

"नाही. माझं काही म्हणणं नाही."

टंकलेखकाने तेही लिहिलं. दोन घरं, दोन कड्या, पाटी नसलेलं दार. त्या सगळ्याला पुरून उरेल इतकी मोठी ती भीती होती, आणि तो ते तेवढ्या सोप्या आवाजात म्हणाला होता, जसं कोणी चहा नको म्हणावं. तिला हायसं वाटलं. मग त्याच्या पाठोपाठ गालावर चापट बसावी तसं काहीतरी वाटलं, आणि ती चापट भुंगीच्या वाट्याची होती.

बाहेर वकीलबाई तिला मागच्या जिन्याकडे वळवू लागल्या. "चला. ठरलंय तसं."

"आलेच मी," ती म्हणाली.

तो लिफ्टसमोर उभा होता, डोकं एका बाजूला कलवून, आतला आवाज ऐकत. ती त्याच्यापासून चार पावलांवर थांबली. एवढ्या जवळ जायचं झालं तर काय बोलायचं, हे तिने सहा वर्षांत शेकडो वेळा जुळवलं होतं. त्यातलं काहीच आता तिला आठवलं नाही.

"बाबा कुठे आहेत?" तिने विचारलं.

तो वळला. त्याला पहिल्यांदा प्रश्नच कळला नाही.

"कोणाचे?"

"तुझे."

त्याने लिफ्टच्या दाराकडे पाहिलं. "ताईकडे. नोटीस आली त्या दिवशी गेले."

"तू काढलंस?"

"मी कशाला काढू? मी कामावरून आलो तर पिशवी भरून दारातच बसले होते. मी एक शब्द बोललो नाही. मला बोलायला सवडच दिली नाही." त्याचा आवाज जरा चढला. "चष्मासुद्धा विसरून गेलेत."

"ताईचं घर कुठे आहे?"

"तुला काय करायचंय?"

हा आवाज फोनवरचा होता. सावकाश, एकेक शब्द टाकत. मागच्या जिन्यापाशी वकीलबाई उभ्या होत्या. ती जागची हलली नाही.

"मुलगी विचारते त्यांना," ती म्हणाली.

लिफ्ट आली, दार उघडलं, दोन माणसं बाहेर पडली. तो आत गेला नाही. दार बंद झालं आणि लिफ्ट रिकामीच वर गेली. त्याने हाताने मान चोळली, एकदा कॉरिडॉरच्या टोकाकडे बघितलं, आणि मग सांगायला लागला, रस्ता विचारणाऱ्या कुणालाही सांगावं तसा. सात नंबरची बस. शेवटून दुसरा थांबा. उतरल्यावर सरळ जायचं, पाण्याची टाकी लागते, तिथून डावीकडे गल्ली आहे, हिरवं फाटक.

पर्समधून कागद काढून ती भिंतीला टेकवून लिहीत होती.

"टाकीच्या अलीकडे की पलीकडे?" तिने विचारलं.